भिंत थकली होती

आंबेवाडी (वाशीजवळ, जि. धाराशिव)
४ ऑगस्ट १९५८

चि. वनमाला हिस दादाचे अनेक आशीर्वाद. इथं सगळी बरी आहेत, तुझी खुशाली कळव.

शिक्षण खात्याचं परिपत्रक आलं. निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेल्या मास्तरांनी डिसेंबरात मराठीची परीक्षा द्यायची. नापास झालो तर मुख्याध्यापकी जाईल. बेचाळिसाव्या वर्षी तुझा भाऊ अलंकार पाठ करतो आहे. तुझी वहिनी म्हणते, या घरात अलंकार आले एकदाचे.

उर्दूतली तश्बीह मला कळते, इस्तिआरा कळतो. हे मराठी पुस्तक मात्र किळसवाणं आहे. दर पानावर एक बाई. तिचं तोंड चंद्र, डोळे कमळं, चाल हत्तीची. अशी बाई शाळेच्या दारात आली तर पोरं पळून जातील. तू बी.ए. झालीस, मुलींच्या शाळेत हेच शिकवतेस. माणसाला कळेल असं लिहून पाठव.

शाळेच्या नव्या खोलीच्या भिंती उभ्या राहिल्या. कागदावर चुना होता, भिंतीत माती आहे. आमचा शिपाई सिदू दरजेत बोट घालून दाखवतो. बांधकाम करून घेणारे शाळा समितीचे अध्यक्ष बाबूराव त्याला म्हणाले, बोट घालू नको, भोक पडेल.

पत्र लांबलं तर चालेल, लोभ आखडू नकोस.
तुझा दादा, वसंत


धाराशिव
१३ ऑगस्ट १९५८

ती. स्व. दादांना वनमालेचा सा. न. वि. वि.

मी बरी आहे. खोकला गेला.

तुमची तश्बीह म्हणजे आमची उपमा. दोन वस्तू वेगळ्या राहतात, मध्ये 'सारखी' उभी असते. वहिनीची भाकरी कागदासारखी. 'सारखी' काढून भाकरी म्हणजे कागदच असं म्हटलं की रूपक, तुमच्या इस्तिआऱ्याचा सख्खा भाऊ. मुबालगा म्हणजे अतिशयोक्ती. ती तुम्हाला शिकवायला नको. लहानपणी तुम्ही मारलेले साप मोजले तर या जिल्ह्यात एकही उरायला नको होता. चेतनगुणोक्तीत निर्जीव वस्तू माणसासारखी वागते. दिवा जांभई देतो, वाट बोलावते. ओळखायची खूण सांगते. काम कुणी केलं ते विचारा. माणूस सापडला नाही, वस्तूच सापडली, की चेतनगुणोक्ती.

चंद्र आणि कमळ टाकून द्या. शंभर वह्यांतून तेच वाचून मलाही शिसारी बसली आहे. डोळ्यांसमोरच्या वस्तूंची उदाहरणं करा नि पाठवा. लाल शाईनं तपासीन, भाऊ म्हणून गुण वाढवणार नाही.

वहिनींना नमस्कार. माया आहे तशी ठेवावी.
तुमची वनमाला


आंबेवाडी
५ ऑक्टोबर १९५८

चि. वनमाला हिस आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. गेल्या महिन्यात अठरा तारखेला, तीन दिवसांच्या पावसानंतर, नव्या खोलीची भिंत पडली. सिदू आत होता. तो गेला. मागे बायको तारामती आणि दोन मुली.

चौथ्या दिवशी शोकसभा झाली. मी बोललो. भिंत थकली होती, म्हणालो. तिनं अंग टाकलं आणि सिदूला पदराखाली घेतलं. बायका रडल्या. बाबूरावांनी डोळे पुसले आणि म्हणाले, मास्तर, खात्याला जबाब जायचा आहे, त्यातही हेच घाला, कुणाला दोष लागत नाही. घातलं. सिदू आपणहून आत गेला, असं एक वाक्य त्यांनी सांगितलं. तेही घातलं.

तू मागितलेली उदाहरणं. शाळेची घंटा म्हाताऱ्यासारखी खोकते. धुळाप्पाची म्हैस म्हणजे चालता डोंगर. तिसरं भिंतीचं, वर लिहिलं आहे ते. ती चेतनगुणोक्तीच ना? तेवढं एक मला जमलंसं वाटतं.

लवकर तपासून पाठव. ममता असू दे.
तुझा दादा


धाराशिव
१२ ऑक्टोबर १९५८

ती. स्व. दादांना नमस्कार.

तपासलं. घंटा उपमा, म्हैस रूपक. भिंतीचं वाक्य चेतनगुणोक्ती आहे, निर्दोष आहे, पैकीच्या पैकी गुण. गुण लिहिले आणि लाल शाईची दौत बंद केली.

परवा तारामती इथल्या शिक्षण खात्याच्या कचेरीत आली होती. वहिनींनी माझा पत्ता दिला म्हणून दुपारी घरी आली. जेव म्हटलं तर जेवली नाही. शिपाई कामावर असताना गेला तर त्याच्या जागी बायकोला घेतात. आपणहून गेला असेल तर नाही. कारकुनानं तिला तुमचा जबाब वाचून दाखवला आणि परत पाठवलं.

ती म्हणाली, ते भाकर खात व्हते. पहिला घास मोडला न् गुरुजींनी हाक मारली. तपासणीचे साहेब येणार, नव्या खोलीतला नकाशा आण म्हणाले. हात न धुता उठले. मग तिनं मला विचारलं, बाई, पदराखाली घेतलं म्हंजी काय वो?

मी मराठीची शिक्षिका. मी तिला पुन्हा जेव म्हटलं.

दादा, भिंत थकत नाही. तिच्यात चुना नसतो. खूण मीच तुम्हाला दिली, तुम्ही ती उलटी वापरलीत. माणूस सापडू नये म्हणून वस्तू उभी केलीत. बाबूरावांची घाण मला समजते. तुमची समजत नाही. काल वर्गात एका मुलीनं वारा रडतो असं वाक्य केलं. मी तिला उगाच खाली बसवलं. पोर बावरली.

जबाब बदला. तोवर उदाहरणं पाठवू नका. लोभाचं आज लिहीत नाही.
वनमाला


आंबेवाडी
२७ ऑक्टोबर १९५८

चि. वनमाला हिस. आशीर्वाद द्यावा असा हात नाही, तरी देतो.

तुझं पत्र चार दिवस खिशात ठेवलं. मग तुझ्या वहिनीला दिलं. तेव्हापासून ती ताट वाढते आणि उठून जाते.

बाबूरावांचं निमित्त सांगत नाही. नकाशा आणायला कुणी पाठवलं हे विचारतील, याची मला भीती होती. पण त्याहून वाईट एक आहे. शोकसभेत ते वाक्य सुचलं तेव्हा मला बरं वाटलं. सिदूला जाऊन चार दिवस झाले होते आणि मी वाक्यावर खूश होतो. आता जेवताना ते आठवतं आणि मी ताटावरून उठतो.

नवा जबाब असा. तपासणीसाठी नकाशा आणायला मी सिदूला आत पाठवलं. तो कामावर होता. भिंतीत चुना नव्हता. हे मला ठाऊक होतं. आधीचा जबाब मी खोटा दिला.

बाबूरावांनी वाचला. म्हणाले, मास्तर, फार रुक्ष झालं, तुम्हाला एवढी चांगली भाषा येते. मी त्यांच्या सहीसाठी थांबलो नाही. एस.टी.नं धाराशिवला येऊन स्वतः दिला. तुझ्याकडे यायला तोंड नव्हतं. कचेरीनं पोच दिली. तारामतीचा अर्ज पुन्हा घेतला, दिवाळीनंतर कामावर घेऊ म्हणाले. माझ्याकडून खुलासा मागितला आहे. तो होईपर्यंत परीक्षेला बसता येणार नाही.

तारामती तिथंच व्हरांड्यात बसली होती. मी तिला जबाबाची नक्कल वाचून दाखवली. तिनं पहिलं वाक्य पुन्हा वाचायला लावलं. वाचलं. मग म्हणाली, इतकंच लिव्हायचं व्हतं गुरुजी, तर म्हैना का लागला?

मी कागदाची घडी करत राहिलो.

तुझा,
वसंत