बंदूक गरम झाल्यावर अडकते, त्याबाबत

कासार आंबोली, ता. मुळशी
गुरुवार, दि. १६ एप्रिल

तीर्थस्वरूप हैबतमामा यांस,

शैलेशचा वाकून नमस्कार. (आधी 'तीर्थरूप' लिहिलं होतं, पण ते फक्त आईवडिलांना लिहायचं, असं आमच्या हेमलताबाईंनी सातवीत सांगितलं होतं. म्हणून कागद बदलला.) तुमचा गुडघा, मामींचा रक्तदाब आणि फलटणचं ऊन, तिन्ही आटोक्यात असावीत. मामींनी दिलेलं लिंबाचं लोणचं मी रोज अर्धी फोड या हिशोबाने खातो, ते दिवाळीपर्यंत पुरेल. इकडे सगळं ठीक आहे, बंदूक सोडून.

तुमच्या शब्दावर नरहरीसाहेबांनी मला त्यांच्या नेमबाजी क्लबात घेतलं, त्याला येत्या सोमवारी तीन महिने होतात. त्या दिवशी ते ठरवणार की मला शस्त्रखोलीत कायम ठेवायचं, की पुन्हा सुरुवातीसारखं फाटकावर हिंजवडीहून येणाऱ्या गाड्या लावायला उभं करायचं; तिथली शिट्टी अजून माझ्याकडेच आहे. तुम्ही फौजेच्या शस्त्रशाळेत त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं काढलीत, म्हणून बारावीत किती विषय राहिले हे त्यांनी मला विचारलंसुद्धा नाही. बाबा मात्र विचारल्याशिवाय सांगतात. शाळा अर्धवट, आयटीआय अर्धवट, वेल्डिंगचा कोर्स अर्धवट. ('अर्धवट' हे विशेषण आहे, पण बाबा ते माझं पाळण्यातलं नाव असल्यासारखं वापरतात.) तेव्हा सोमवार माझ्यासाठी किती मोठा आहे ते तुमच्या लक्षात येईल.

आता बंदुकीकडे वळतो. (एकटी असते तेव्हा 'बंदूक', दीर्घ, 'बंदुकीकडे' म्हटलं की ऱ्हस्व. काडतूस आणि काडतुसं यांचंही तसंच. पुढे काही जोडलं गेलं की बिचारं अक्षर आखडतं. क्लबात हे मी सोडून कोणी पाळत नाही, काडतुसांच्या खोक्यांवरच्या चिठ्ठ्या मी सगळ्या नव्याने लिहिल्या.) शनिवार-रविवारी नवीन सभासद येतात, त्यांच्या हातात काही देण्याआधी मी पंपाच्या बंदुकीने पंचवीस बार काढून दाखवायचे असतात, हवेत उडणाऱ्या मातीच्या तबकड्यांवर. तुम्हाला सांगायला नको, पण पत्र मामीही वाचतात म्हणून लिहितो: नळीखाली एक लाकडी पकड असते. ती मागे ओढली की रिकामं काडतूस खिडकीतून बाहेर पडतं, पुढे ढकलली की नवं आत जातं. पहिले दहा-बारा बार लोण्यासारखे जातात. मग नळी तापते, आणि तेराव्या-चौदाव्याला रिकामं काडतूस खिडकीत अर्धं आत, अर्धं बाहेर अडकून बसतं. समोर पंधरा माणसं कानाला टोप्या लावून उभी, आणि मी नळी खाली करून चिमट्याने ते उपसतोय. गेल्या रविवारी एका बाईंनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं हाही कार्यक्रमाचा भाग आहे.

मी स्वस्थ बसलो नाही. दोनशे पानी वही केली. तारीख, वेळ, हवेचं तापमान, कितवा बार, काडतुसाचा रंग. (सात मार्चला माझ्या डाव्या हाताची दोन बोटं नळीला लागून भाजली, त्याचा इथे संबंध नाही, केवळ नोंद पूर्ण असावी म्हणून लिहिलं.) तेल बदललं. तेल पुसून टाकलं. नळीच्या आत पितळी ब्रश चाळीस वेळा फिरवला, मग चाळीस हा आकडा कमी वाटला म्हणून साठ वेळा. काडतुसं तीन दुकानांतून आणवली. अमोघ म्हणून एक सभासद आहेत, कॉम्प्युटर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, ते म्हणाले की बिघाड पुन्हा पुन्हा होतोय ना, मग अर्धं काम झालंच. उरलेलं अर्धं काय, ते सांगायच्या आत त्यांना फोन आला.

मग मी शास्त्रीय प्रयोग केला. बंदूक रिकामी करून, नळी वेगळी काढून, वर्तमानपत्रात गुंडाळून क्लबाच्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये ठेवली, ताकाची बरणी आणि कोथिंबीर यांच्या मध्ये. दर आठ बारांनंतर अर्धा तास. पंचवीसच्या पंचवीस बार निघाले, एकदाही अडकली नाही. दुर्दैवाने शेवटच्या अर्ध्या तासात साहेबांच्या पत्नी कल्पनामॅडम पाहुण्यांसाठी लिंबू घ्यायला आल्या. त्या लिंबू न घेताच परतल्या, आणि त्या दिवशी पाहुण्यांना सरबताऐवजी चहा मिळाला.

तरी सिद्ध झालं ते झालंच: थंड असली की चालते, गरम झाली की अडकते. मी सात पानी अहवाल लिहिला, दोन तक्त्यांसह. नरहरीसाहेबांनी तो व्हरांड्यात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला आणि म्हणाले, 'एकही चूक नाही.' मामा, मी लिहिलेलं कोणी मोठ्याने वाचण्याची ही पहिलीच वेळ. अहवाल त्याच दिवशी विक्रेत्याकडे गेला, परवा शनिवारी त्यांचा माणूस बंदूक बघायला येतोय.

एवढं सगळं झाल्यावर काल तुळजाबाई रेंजवर आल्या. या आमच्या स्वयंपाकीणबाई, मुठा गावच्या, फ्रिजच्या प्रकरणापासून माझ्यावर चिडून आहेत. कमरेवर हात ठेवून त्यांनी मला तेराव्या बारापर्यंत पाहिलं. काडतूस अडकलं तशा म्हणाल्या, 'आरं शैल्या, बंदूक कुटं अडकतीया? तूच हात आखडतुयास. तव्यावरची भाकरी अशी भीत भीत अर्धी उचलली तर मोडणारच की.' मी त्यांना नम्रपणे सांगितलं की हा धातूच्या प्रसरणाचा विषय आहे. 'आसंल बाबा,' म्हणाल्या, 'पर ते परसरण माज्या फ्रिजात नगं.' बाई कामाच्या आहेत, पण शस्त्रांतलं त्यांना काय कळणार. तरी तुम्ही तुमच्या अनुभवाने नेमकं कारण कळवावं, ही विनंती.

मामींना नमस्कार. माझी काळजी करू नये, ती मी स्वतः करतोच आहे.

तुमचा भाचा,
शैलेश

ता. क. (शुक्रवार) : पौडला पोस्टात गेलो, ते जेवणाच्या सुट्टीत बंद होतं, म्हणून पत्र अजून खिशात आहे. तेवढ्यात एक गोष्ट घडली. तुळजाबाई गरम पातेली उतरवतात ते फडकं मी न विचारता घेतलं, डाव्या हाताला गुंडाळलं आणि कल्पनामॅडम देखरेखीला असताना पंचवीस बार काढले. एकही अडकला नाही. मग आणखी पंचवीस काढले. तेव्हा लक्षात आलं की नळी तापली की माझा हात आपोआप पकडीच्या मागच्या टोकाला सरकतो, आणि मी ती पुरती न ओढता मध्येच सोडतो. सात मार्चचा संबंध होता.

ता. क. २ : खरी विनंती आता करतो. अहवाल माझ्या सहीने गेला आहे. उद्या तो माणूस आला की मी पुन्हा बाबांचा अर्धवट. तुम्ही साहेबांना सकाळी फक्त एक फोन करावा आणि म्हणावं की फौजेतही पंपाच्या बंदुका गरम झाल्यावर अडकायच्या. खोटं बोला असं मी म्हणत नाही. कोणाच्या हातात अडकायच्या, तेवढं सांगायचं राहून जाऊ द्यावं. (हे पत्र उद्या सकाळपर्यंत फलटणला पोचणार नाही, हे लिहून झाल्यावर लक्षात आलं.)

ता. क. ३ (शनिवार संध्याकाळ) : फोन करू नये. तो माणूस आला, त्याने सलग तीस बार काढले, बंदूक शिंकलीसुद्धा नाही. त्याने माझी सात पानं घडी करून साहेबांच्या हातात दिली आणि 'तक्रार खोटी' असं लिहायला पेन उघडलं. साहेब माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, 'तक्रार खरी आहे, अर्धी. उरलेली अर्धी माझ्या हातात आहे.' आणि दोन बोटांचे डाग दाखवले. कोणी हसलं नाही, फक्त स्वयंपाकघराच्या दारातून 'व्हय' असं ऐकू आलं. साहेबांनी ती सात पानं माझ्या हातात परत दिली. मग म्हणाले, 'आठवं पान जोड. सहीसकट. आणि सोमवारी येताना ती शिट्टी फाटकावर जमा कर.' ते पान मी आत्ताच लिहून संपवलं, सगळ्यात लहान तेच आहे. फडकं तुळजाबाईंनी परत नेलं, त्यांना भात उतरवायचा होता. त्याआधी अमोघसाहेबांनी त्याचा फोटो काढून हा हातमोजा कुठल्या कंपनीचा, असं विचारलं होतं.

ता. क. ४ : आता तुम्हाला विचारण्यासारखं एकच उरलं. पहिल्या वर्षी तुमचाही हात भाजला होता का, आणि त्यानंतर किती दिवस आखडत होता? सवडीने कळवलंत तरी चालेल, पण पूर्ण कळवा.