डबीतली दाढ

३ नोव्हेंबर २०२५, अकोले

आले एकदाची! श्रीरामपूरहून सकाळी निघाले, संगमनेरला गाडी बदलली आणि पुढचा सगळा रस्ता शेजारच्या आजोबांच्या पिशवीतल्या कोंबडीशी डोळे भिडवत काढला. दवाखाना बाजारपेठेत, तळमजल्यावर. माझी खोली त्याच्या डोक्यावर. खिडकीतून डोंगर दिसतात आणि भातकापणी चालल्यामुळे हवेला पेंढ्याचा वास आहे. उसात वाढलेल्या मुलीला हे सगळं म्हणजे चैनच.

राजेश्वरी मॅडम इथे वीस वर्षं एकट्याने दात काढतायत. बोलतात कमी, चहा पाजतात फार. म्हणाल्या, इथली माणसं दुखणं अंगावर काढतात, त्यामुळे भरायचं काम कमी आणि उपटायचं जास्त. मी म्हटलं, माझा हात उपटण्यातच चांगला आहे. त्या हसल्या नाहीत. एवढंच सांगितलं, की कुणी काढलेला दात मागितला तर गुपचूप देऊन टाकत जा.

आता हे मला सांगावं! आमच्या घरात नवस नाही, दृष्ट नाही. मांजर आडवं गेलं तर पप्पा थांबून त्याला बिस्कीट घालतात. शिवाय पंकजची बरणी माझ्या बॅगेत आहे. पंकज माझा धाकटा भाऊ, दंतवैद्यकीच्या दुसऱ्या वर्षाला. सरावासाठी या मुलांना खरे दात लागतात आणि ती बिचारी दवाखान्यादवाखान्यांतून मागत हिंडतात. मी त्याला दहा तरी द्यायचे कबूल केलंय.

५ नोव्हेंबर

तीन दिवसांत अकरा दात. नऊ जणांनी मागून नेले. कुणी छपरावर टाकणार, कुणी बांधावर पुरणार. मी मान डोलावते आणि मनात हसते.

आज चांगुणाबाई आल्या होत्या. धरणाच्या वरच्या अंगाला कुठेतरी त्यांची वाडी आहे. सत्तरी उलटलेली, अंगाने काटकुळी, सोबत मुलगा सहादेव. तोंडात एकच दाढ उरलेली, ती अक्कलदाढ. बाकी सगळं मिश्रीने आणि वयाने नेलं. दाढ हलत होती, तरी मी तिच्याकडे पाहत राहिले. एवढी सुरेख, अख्ख्या मुळांची दाढ पुस्तकातसुद्धा बघायला मिळत नाही. सहज निघाली.

लगेच हात पुढे. कनवटीची पितळी डबी काढून त्यांनी उघडून दाखवली, तर आत एकतीस दात! म्हणाल्या, "ह्यो बत्तिसावा. माजी दाढ दे, बाय. त्याबिगर मी जायाची न्हाई." मी सांगितलं, दाढ औषधात ठेवावी लागते, नाहीतर जंतू होतात, बाजाराला याल तेव्हा घेऊन जा. सपशेल थाप. त्या उठल्या आणि गेल्या मात्र. दाढ बरणीत.

७ नोव्हेंबर

गंमत बघा. लोकांच्या दाढा काढणारीची स्वतःची दाढ सुजली. डावीकडची खालची, आडवी उगवलेली. दोन वर्षं मी तिला उद्या-उद्या करत होते. मॅडमनी एक्स-रे पाहिला आणि म्हणाल्या, बस खुर्चीत.

बत्तीस जणांना सांगितलं असेल की काही कळणार नाही. कळतं! दुखत नाही, पण हाडातून येणारा तो करकर आवाज कानात नाही, डोक्याच्या आत ऐकू येतो. वीस मिनिटांनी दाढ ट्रेमध्ये पडली, अख्खी. दोन टाके, तोंडात गॉझ, एक तास बोलायचं नाही.

मॅडम हात धुवायला आत गेल्या आणि दारात चांगुणाबाई. दाढ न्यायला आल्या होत्या. बरणी तर काल पंकज येऊन घेऊन गेलेला. मला काही सुचेना. मी ट्रेमधली माझी दाढ धुतली, गॉझमध्ये गुंडाळली आणि त्यांच्या हातावर ठेवली.

त्यांनी ती उन्हात धरली. "माजी येवडी पांढरी हुती व्हय?" मी मान हलवली. व्हय. त्यांनी डबी उघडली, दाढ आत टाकली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेल्या. मला खरोखर वाईट वाटलं. पण दाढेला दाढ मिळाली, कुणाचं काय बिघडलं?

८ नोव्हेंबर

सूज बेताची आहे. पेज आणि थंड दूध. जीभ मात्र सारखी त्या खड्ड्याकडे जाते. रागावून मागे आणली की पुन्हा तिथेच.

एक विचित्र प्रकार. नसलेली दाढ जाणवते. कापलेला पाय खाजतो म्हणतात, तसं असणार. पण ती खड्ड्यात जाणवत नाही, दुसरीकडेच कुठेतरी वाटते. कसल्यातरी पत्र्याला टेकलेली. आणि अधूनमधून खडखडते. पहाटे अर्धा तास खडखडली, कुणी चालत असावं तशी, मग थांबली.

१० नोव्हेंबर

सहादेवचा फोन. आई रोज सकाळी उन्हात बसून दात मोजते आणि नव्या दाढेवर बोट फिरवत राहते, तिचा जीव लागलाय, म्हणाला. मी हसले. मग आठवलं. आज सकाळी आठच्या सुमाराला माझ्या जबड्यावरून कुणीतरी बोट फिरवत होतं.

त्याने विचारलं, दाढेला औषधाचा वास नाही, मग जंतू होतील का? मी डॉक्टरी आवाजात म्हटलं, उकळत्या पाण्यात टाका पाच मिनिटं.

पाऊण तासाने मी जमिनीवर होते. ओरडले म्हणून मॅडम धावत आल्या. गालाची आतली बाजू भाजून पांढरी पडली होती, फोड आले होते. काय गरम प्यायलीस, असं त्या विचारत राहिल्या. मी फक्त थंड दूध प्यायले होते.

१२ नोव्हेंबर

झोप नाही. खोलीत येरझाऱ्या घालते. बसलं की खडखड सुरू होते.

ती दाढ परत आणली पाहिजे. सहादेवला फोन केला आणि सरळ न बोलता विचारलं, डबीचं पुढे काय करतात? तो म्हणाला, त्यांच्या घराण्याची रीत आहे. माणूस गेलं की त्याचे सगळे दात त्याच्याच तोंडात घालतात आणि मग अग्नी. "मानूस पुरं जायाला पायजेल ना, मॅडम."

पुढे तो म्हणाला, आईचं काही खरं नाही. कालपासून रिकाम्या हिरडीत कळा येतायत. तोंडात गिरमिट फिरतंय म्हणून ओरडते, अन्न नाही, पाणी नाही.

गिरमिट. 

पंकजला विचारलं. हो, कालपासून त्यांचं प्रॅक्टिकल चालू आहे. त्या मोठ्या अक्कलदाढेवर त्याने ड्रिलने खड्डे कोरलेत. सरांनी शाबासकी दिली.

१४ नोव्हेंबर

माझं तोंड उघडेना. कालपासून एक बोटसुद्धा आत जात नाही. मॅडम म्हणतात, जबडा आखडलाय, उतरेल. शब्दही फुटत नाही, सगळ्यांशी या वहीत लिहूनच बोलते.

पंकजला मेसेज केला, त्या दाढेला हात लावू नकोस, परत घेऊन ये. अजून वाचलेला नाही.

आजच वाडीवर जायला हवं होतं. गेले नाही. लाज वाटली. त्या बाईने माझ्या डोक्यावरून हात फिरवला होता आणि मी तिला काय लिहून दाखवू? तुमची दाढ माझा भाऊ कोरतोय? उद्या जाते. उद्या नक्की.

१५ नोव्हेंबर, सकाळ

पंकजचा फोटो आला. दाढ उभी चिरलेली, दोन तुकडे, आतली पोकळी स्वच्छ दिसतेय. खाली लिहिलंय, सॉरी ताई, मेसेज आत्ता बघितला. वेळ दहा वाजून दहा मिनिटं.

साडेदहाला मॅडमकडे सहादेवचा निरोप आला. आई गेली. दहालाच. एकदम ओरडली आणि डोक्याला हात लावला, बस्स.

मी मारलं तिला. हे लिहून ठेवते. मी मारलं.

तिची दाढ चिरली आणि ती गेली. आणि माझी दाढ आज —

दुपारी, जीपमध्ये

जीप भरल्याशिवाय हलत नाही. तीन सीट बाकी. ड्रायव्हरला लिहून दाखवलं, सगळ्या सीट माझ्या, चल. चालला. सहादेवला केलेला मेसेज पोचत नाही. फोन बंद असणार.

डबी उघडली. उजेड कळला. बोटं, सहादेवची असणार. एकेक उचलतोय.

माझी उचलली.

ओलं. गार. जीभ आहे ही. मेलेली, जड जीभ, माझ्या दाढेला चिकटून —

तोंड मिटलं त्यांनी.

वाडी

उशीर. पुरुष तिला घेऊन ओढ्यावर गेलेत. बायकांनी मला ओट्यावर धरून बसवलंय. डॉक्टरीणबाईला लई लागलं, म्हणतात, पाठीवरून हात फिरवतात, पाणी देतात. सोडत नाहीत. बाईमाणसाने तिकडे जायचं नसतं. वही दाखवली, तर कुणालाच वाचता येत नाही. मी बोलू शकत नाही. बोलू शकत नाही!

ड्रायव्हर चिठ्ठी घेऊन पळायला तयार आहे. खाली उभा आहे. हे पानच फाडून देते.

सहादेवदादा, थांबा. अग्नी देऊ नका. आईच्या तोंडातली शेवटची दाढ त्यांची नाही. माझी आहे. मी खोटं बोलले. त्यांची दाढ मी भावाला दिली, त्याने ती चिरली, म्हणून आई — मला काय करायचं ते करा पण आधी ती दाढ बाहेर काढा. हात जोडते. मला इथे बसून सगळं कळतंय. लाकडं रचली ते कळलं, तुम्ही मडकं फोडलं ते कळलं. दादा, ऊब लागतेय. धूर — घशात — थांबा, दादा, तिथे आई एकटी नाहीये, मी अजून जि