राखणदाराचा घास

मालिवान,

तू, आई आणि आपली लेक ठीक असाल असं धरूनच हे लिहितोय. मी धडधाकट आहे. फिनलंडच्या ज्या रानात आम्ही मजुरीनं फळं तोडायला आलोय, तिथं यंदा झुडपं निळ्या फळांनी लगडलीत. म्हशीचा पाय बरा झाला का?

निघताना तू बजावलं होतंस, परक्या रानात शिरलास की आधी तिथल्या राखणदाराला घास ठेव. म्हणून रोज एका मोठ्या दगडावर चिकट भाताचा गोळा नि भाजलेला मासा ठेवत होतो. सकाळी दगड पुसल्यासारखा लख्ख असायचा. मी खूश! म्हटलं, राखणदारानं आपल्याला पदरात घेतलं.

काल थाविलला तो दगड दाखवला. आपल्याच गावचा तो, पण त्याची जीभ तुला माहीतच आहे. चिखलात वाकून बघितलं नि म्हणाला, "पाया पडून घे बाबा, तुझ्या राखणदाराला नखं आहेत!"

चिखलातला पंजाचा ठसा माझ्या टोपीएवढा होता. अस्वल, मालिवान. मीच त्याला रोज जेवू घातलं.

आज घास ठेवला नाही. दिवसभर फळं तोडताना माझ्या मागे काटक्या मोडत होत्या. मी थांबलो की तो आवाजही थांबायचा. थाविल आता हसत नाही.

आईला यातलं काही वाचून दाखवू नकोस. आपल्या राखणदारापुढे माझ्या नावानं फुलं ठेव.

उद्या पुन्हा त्याच रानात जायचंय. हात साबणानं घासून घासून धुतले, तरी भात-माशाचा वास जात नाही.

तुझ्याकडे जीव लागलेला,
खम्पान