जहाजावर आठ दिवस न भांडता

२ फेब्रुवारी, सकाळी ६.४०

उद्या जहाज. बॅग भरून झाली. हिची कालच भरलेली होती, ती मी उपसून पुन्हा नीट भरली. ही काही बोलली नाही. पटलं असावं.

क्रूझ कंपनीचं नियमपुस्तक, पानं चौसष्ट. तीनदा वाचलं, पिवळ्या पेनाने खुणा केल्या. इतर कोणी वाचणार नाही हे उघड आहे, तेव्हा प्रवासात सगळ्यांना मार्गदर्शन करणं मलाच भाग आहे. बस कंपनीच्या तक्रार विभागात एकतीस वर्षं काढली. एकही तक्रार खरी ठरू दिली नाही. न वाचता एकाही कागदावर सही केली नाही. नियम म्हणजे काय ते मला कोणी शिकवू नये.

बरोबर मेव्हणी आणि साडू. दोघी बहिणींनी परस्पर ठरवलं, आम्हाला नंतर कळवलं. साडूने नियमपुस्तक उघडलेलंसुद्धा नाही. फोनवर म्हणाला, साडूभाऊ, तुम्ही आहात ना, मग आम्हाला कसली काळजी. खोचकपणा कळतो मला. हा माणूस सदा न कदा हसत असतो. एवढं हसण्यासारखं काय आहे ते पंचवीस वर्षांत सांगितलेलं नाही.

हिची एकच अट. आठ दिवस कोणाशी भांडायचं नाही. लग्न झाल्यापासून धाकट्या बहिणीबरोबर सलग चार दिवस राहायला मिळालं नाही, म्हणे. दर वेळी माझं कोणाशी तरी वाजतं आणि हिला बॅग उचलून निघावं लागतं. धादांत खोटं. दोनदाच निघून आलो. तिसऱ्यांदा त्यांनीच पाठवलं. आणि या वेळी भांडलात तर मी माझं बघेन, असंही म्हणाली. काय बघणार? भर समुद्रात जाणार कुठे?

तरी शब्द दिला. संकल्प: भांडायचं नाही. फक्त समजावून सांगायचं.

३ फेब्रुवारी, दुपारी ३.००

प्रवाशांसाठी सूचना पहिली. (क्रमांक देऊन ठेवतो. पुढेमागे छापायच्या झाल्या तर बरं.) इस्त्री, किटली, तारांची भेंडोळी जहाजावर आणू नयेत. सिक्युरिटीच्या रांगेत सगळ्यांना मोठ्याने सांगितलं. साडूच्या बॅगेत एक्स्टेन्शन बोर्ड होता. तो मीच पुढे होऊन दाखवून दिला. नियम तो नियम, साडू असला म्हणून काय झालं? साडू हसला. थँक्यू म्हणाला. निर्लज्ज.

मग माझी बॅग मशिनमधून गेली.

पाणी तापवायची कॉइल निघाली. नियमात लिहिलंय ‘उष्णता निर्माण करणारी उपकरणं’. कॉइल हे उपकरण नव्हे. ती एक वाकवलेली तार आहे. मला सकाळी गुळण्यांना गरम पाणी लागतं, हे कंपनीने समजून घ्यायला नको? खालच्या मजल्यावरच्या खोलीत नेलं. तिथे टेबलावर लोकांच्या इस्त्र्या ओळीने मांडून ठेवलेल्या. सिक्युरिटीच्या बाईला चाळीस मिनिटं समजावून सांगितलं. बाई जांभया देत होती.

कॉइल जप्त. साडूचा बोर्ड परत. त्या प्रकारचा बोर्ड चालतो, परिशिष्टात तसं आहे, म्हणे. परिशिष्ट मी वाचलं होतं. त्या पानावर खूण करायची तेवढी राहिली.

हिने विचारलं, भांडलात का? म्हटलं, छे.

३ फेब्रुवारी, सायंकाळी ५.४५

सूचना दुसरी. जहाज सुटण्याआधी सुरक्षा कवायत असते. आपल्या कार्डावर लिहिलेल्या जागी जाऊन कार्ड स्कॅन करून घ्यावं. टाळाटाळ करू नये, जहाज थांबून राहतं.

मी कॉरिडॉरमध्ये उभा राहून निदान साठ-सत्तर जणांना वाट दाखवली. काही म्हातारी माणसं चुकीच्या बाजूला गेली, पण ती माझ्यामुळे नाही. त्यांनी डावं-उजवं नीट ऐकलं नाही. एवढ्यात स्पीकरवर घोषणा: सगळे हजर, एकच प्रवासी बाकी. केबिन ६२१४. आमचीच.

गेलो. जहाज अठरा मिनिटं उशिरा सुटलं. मी पोहोचल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. कशासाठी ते कळलं नाही, पण मान लववून स्वीकारल्या. ही दुसरीकडे बघत होती.

४ फेब्रुवारी, दुपारी २.१५

जेवणाचं टेबल ठरलेलं आहे. आम्ही चौघं, एक दंतवैद्य आणि त्याची बायको. जेवताना नियमपुस्तकातले निवडक भाग वाचून दाखवले. कपडे धुवायला कधी द्यायचे, लिफ्टमध्ये किती माणसं, उतरायच्या दिवशी बॅगा कधी बाहेर ठेवायच्या. लोकांचं अज्ञान बघून कीव येते. दंतवैद्याला तर मुलांची पोहण्याची वेळसुद्धा माहीत नव्हती. मुलं नाहीत हे काही कारण झालं नाही.

विशेष नोंद: नियम चौदा (क) वाचत होतो. प्रवास चालू असताना प्रवाशांना आपसात केबिन बदलता येते. दोन्ही केबिनमधल्या सर्वांच्या लेखी सह्या हव्यात. असं एकदाच करता येतं, नंतर रद्द होत नाही. तर ही म्हणाली, तेवढं पुन्हा वाचा.

तेहेतीस वर्षांत पहिल्यांदा! दोनदा वाचून दाखवलं. मेव्हणीनेही लक्षपूर्वक ऐकलं, भाऊजी, तुमचं वाचन फारच स्पष्ट आहे, म्हणाली. शेवटी माणसाची किंमत कळते, उशिरा का होईना.

दंतवैद्याने रात्रीपासून दुसऱ्या टेबलाची व्यवस्था करून घेतली आहे. बायकोला वारं सोसत नसेल.

५ फेब्रुवारी, सकाळी ११.२०

सर्व्हिस डेस्कवर गेलो. तक्रारी तीन.

एक, केबिन साफ करणाऱ्याने माझ्या टॉवेलचा हत्ती करून पलंगावर ठेवला. नियमाप्रमाणे माणशी दोन टॉवेल. हत्तीत एक अडकला. अंघोळ करून बाहेर आलो आणि थंडीत हत्ती सोडवत बसलो. दोन, साडूच्या केबिनमध्ये हत्ती नाही, हंस आहे. हा भेदभाव कशासाठी? तीन, लिफ्टमधला आरसा अकारण मोठा आहे.

डेस्कवरच्या मुलीने सगळं शांतपणे ऐकलं. मान जराशी कलती करून म्हणाली, आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.

माझं वाक्य! एकतीस वर्षं मी हेच वाक्य, अशीच मान कलती करून, हजारो लोकांच्या तोंडावर मारलं. त्याचा अर्थ काय होतो हे मला ठाऊक नाही होय? मी म्हटलं, नोंद दाखव. तिने वहीत लिहिलेलं दाखवलं. ‘६२१४. हत्ती.’ एवढंच.

पोरगी हुशार आहे. डोकं फिरलं. आवाज किंचित चढला असेल. ही मागे येऊन उभी होती हे नंतर कळलं. मी सांगितलं की भांडण नव्हतं, खात्याअंतर्गत चर्चा होती. ही म्हणाली, हे दुसरं. म्हणजे मोजते आहे की काय?

६ फेब्रुवारी, सकाळी १०.००

डेकवर आरामखुर्च्या. सूचना सातवी (मधल्या चार तोंडी दिल्या): टॉवेल टाकून खुर्ची अडवू नये. अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ रिकामी राहिलेल्या खुर्चीवरचं सामान काढून घेतलं जाईल. पान बावन्न.

कोण काढतंय? कोणी नाही! कर्मचारी हातावर हात ठेवून बघत असतात. म्हणून आज साडेसातपासून घड्याळ लावून बसलो. सगळ्यात मोठा निर्लज्जपणा कठड्याजवळच्या दोन खुर्च्यांवर. टॉवेल, एक शाल, चष्म्याची डबी. चौतीस मिनिटं झाली तरी माणसाचा पत्ता नाही. उठलो, सगळं गोळा केलं, डेस्कवर नेऊन टाकलं. त्याच मुलीसमोर. खुर्च्यांवर एक धिप्पाड जोडपं येऊन बसलं. त्यांना बसा म्हणून मीच सांगितलं.

६ फेब्रुवारी, सकाळी १०.५०

शाल हिची होती.

दोघी बहिणी पहाटे उठून जागा धरून बसल्या होत्या. बंदरात शिरताना डॉल्फिन दिसतात असं कोणीतरी सांगितलेलं. थोडा चहा आणायला गेल्या, चहाच्या रांगेत अडकल्या. येईपर्यंत खुर्च्या गेल्या, शाल गेली. डॉल्फिन आले ते धिप्पाड जोडप्याने बघितले.

शाल ओळखायला हवी होती, असं मेव्हणी म्हणाली. वीस वर्षं ही तीच शाल पांघरते. मी म्हटलं, नियम शाल बघत नाही. हे वाक्य त्या वेळी चांगलं वाटलं होतं.

ही भांडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाली, तुम्ही शब्द दिला होता. आणि चष्म्याची डबी आणायला डेस्ककडे गेली.

मी भांडलो कुठे? विचारा कोणालाही. आपण चांगलं करायला जावं आणि आपल्याच माणसांनी तोंड फिरवावं. साडू म्हणाला, चला साडूभाऊ, पिंगपाँग खेळू. त्याला पिंगपाँग सुचतंय!

७ फेब्रुवारी, दुपारी १२.३०

चोवीस तास ही माझ्याशी बोललेली नाही. ‘सरका’ सोडून.

गप्प बसणाऱ्यातला मी नाही. डेस्कविरुद्ध निवेदन तयार केलं. मुद्दे एकोणीस. जहाजावर दोन हजार प्रवासी, निदान पाचशे सह्या सहज. नाश्त्याच्या दाराशी टेबल टाकून बसलो.

तीन तासांत सह्या दोन. एक लहान मुलीची, तिने फूल काढलं. दुसरी साडूची. न वाचता केली आणि वर शाबास म्हणाला. आपल्यासाठी झटणाऱ्या माणसाला जग असं वागवतं. दंतवैद्य समोरून येताना दिसला, मला बघून चक्क जिन्याखाली शिरला.

७ फेब्रुवारी, दुपारी १.१०

आनंदाची नोंद! ही आपण होऊन आली. हातात डेस्कचा छापील फॉर्म. म्हणाली, आम्ही तिघांनी सह्या केल्यात, तुमची तेवढी राहिली.

खरंच तिघांच्या सह्या. हिची, मेव्हणीची, साडूची. म्हणजे माझ्या लढ्यात माझं कुटुंब माझ्या मागे उभं राहिलं! शेवटी घरचं माणूस ते घरचं. डोळ्यांसमोर अक्षरं नीट दिसेनात. ही वाट बघत उभी होती, आणि चोवीस तासांनी बोलली होती. सही केली. पूर्ण नाव, खाली रेघ.

हिने फॉर्मची घडी घातली आणि माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग म्हणाली, तब्येतीला जपा.

काळजी करते. बोलून दाखवत नाही, एवढंच.

७ फेब्रुवारी, दुपारी ३.४०

केबिनमध्ये गेलो. हिची बॅग नाही. हिची चप्पल नाही. आरशापुढची हिची तेलाची बाटली नाही. पलंगावर साडू बसलेला. पायांत मोजे, मांडीवर टॉवेलचा हंस. नमस्कार साडूभाऊ, म्हणाला.

नियम चौदा (क).

धावत डेस्कवर गेलो. मुलीला म्हटलं, हा धडधडीत विश्वासघात आहे, मी फॉर्म वाचलेला नव्हता. तिने फॉर्म समोर धरला. माझ्या सहीच्या बरोब्बर वर छापलंय: ‘वरील मजकूर मी संपूर्ण वाचला आहे.’ म्हटलं, रद्द कर. तिने नियमपुस्तक काढलं. मी म्हटलं, राहू दे, पाठ आहे.

मग विनंती केली. बायको आहे ती माझी, म्हटलं. मान कलती करून म्हणाली, आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.

८ फेब्रुवारी, सकाळी ९.००

साडू पाचला उठतो. उठल्याबरोबर गुणगुणतो. हत्तीला आणि हंसाला गुड मॉर्निंग म्हणतो. त्याच्या बोर्डवर माझा फोन चार्ज होतो, हे आणखी वर.

त्याला विचारलं, तू सही केलीस तेव्हा लाज वाटली नाही? म्हणाला, त्याची बायको गेल्या वर्षापासून तेवढं एकच मागत होती. ताईबरोबर एका खोलीत चार दिवस. लहानपणी दोघी एकाच पलंगावर झोपायच्या. आपलं काय, आपण कुठेही पडतो.

मी विचारलं, तुला करमतं का? नाही, म्हणाला. पण हसत. या माणसाशी भांडतासुद्धा येत नाही. दोनदा प्रयत्न केला.

९ फेब्रुवारी, सकाळी ११.००

दोन्ही केबिनच्या बाल्कन्यांमध्ये पातळ फळी आहे. पलीकडे दोघी बसलेल्या. कोणा मावशीच्या चालण्याची नक्कल चालली होती. ही करत होती. ही! मेव्हणी हसून हसून गुदमरली, मग हीसुद्धा हसली. खूप वेळ, आवाज करून.

मी हिचं असं हसणं ऐकलेलं नाही. आठवून बघितलं. नाही ऐकलेलं. फार वाईट वाटलं. मग राग आला, कारण माझ्याच सूचना बाराप्रमाणे बाल्कनीत मोठ्याने बोलायला मनाई आहे.

सांगायला उठलो. फळीपर्यंत गेलो. परत येऊन बसलो.

१० फेब्रुवारी, सकाळी ८.२०

उतरायचा दिवस. अभिप्रायाचा फॉर्म भरून दिला, पुरवण्या सहा. त्या तिघांनी एकच फॉर्म भरला. ‘जहाजावरची सर्वांत आवडलेली सोय’ या प्रश्नापुढे लिहिलंय, केबिन बदलून मिळते. आमच्यापैकी एकांनी सांगितल्यामुळे कळलं.

म्हणजे माझ्या मार्गदर्शनाचा उल्लेख आहे. छापील कागदावर.

ठरवलं: घरी गेल्यावर हिच्याशी मोकळेपणाने बोलायचं. पुढच्या वर्षी पुन्हा क्रूझ, फक्त आम्ही दोघं. नियमपुस्तक घरीच ठेवेन. डॉल्फिन दाखवीन. शालीला कोणाला हात लावू देणार नाही.

१० फेब्रुवारी, सकाळी ९.०५

बॅगा घेऊन रांगेत असताना ही आली. हातात फॉर्म. पुढच्या वर्षीचं बुकिंग, याच जहाजाचं. मी म्हणणारच होतो, हिला कसं कळलं!

प्रवासी दोन. ही आणि मेव्हणी. केबिन एक, डेकच्या बाजूची.

माझं नाव खाली, ‘आणीबाणीत संपर्क’ या रकान्यात. दुसऱ्या क्रमांकावर. पहिला साडू. त्याचा फोन न लागल्यास मला करायचा आहे. संपर्कासाठी संमती म्हणून सही लागते.

या वेळी सहीआधी सगळा फॉर्म वाचला. मागची बाजूसुद्धा. मग पुन्हा एकदा वाचला. रांग खोळंबली होती, मागून लोक ओरडत होते. ही शांतपणे उभी होती.

चूक एकही सापडली नाही. सही केली.