प्लास्टरमधले सहा आकडे

ती. दाजी,

साष्टांग नमस्कार (गुडघा धरल्यामुळे तो खुर्चीत बसूनच घातला आहे, गोड मानून घ्यावा). तुमचं पित्त कसं आहे? ताईचा खांदा? आम्ही सुखरूप आहोत, म्हणजे तुम्ही येऊन जाण्यापूर्वी होतो त्याहून जरा कमी. पत्र पाहून नवल वाटेल. पण तुमचा नंबर फोनमध्ये होता, आणि त्या फोनचं काय झालं तेच सांगायला बसलोय.

गेल्या महिन्यात तुम्ही दोन दिवस राहिलात आणि जाताना माझ्या ईमेलच्या खात्याला ते दुहेरी कुलूप लावून गेलात. नुसत्या पासवर्डवर आजकाल शेंबडं पोरही विसंबत नाही, असं म्हणालात. (मी विसंबत होतो. टोमणा पोचला.) तेव्हापासून स्वतःच्याच खात्यात शिरायला आधी पासवर्ड द्यायचा, मग फोनमधलं ॲप उघडून सहा आकडे बघायचे. ते तीस सेकंद टिकतात. मी चष्मा शोधेपर्यंत बदललेले. पस्तीस वर्षं कवळ्या बनवतोय, दाजी. माझ्याकडून चोर नेणार काय? लोकांचे दात?

झालं असं, की आमच्या दंतवैद्यबाई हल्ली तोंडाचं माप फाइल करून त्या खात्यात पाठवतात. एका निवृत्त न्यायाधीशबाईंची कवळी तुटली होती आणि शुक्रवारी त्यांना शाळेच्या समारंभात भाषण करायचं होतं. मंगळवारी मी दुसऱ्याच कोणाच्या जबड्यासाठी रबरी वाटीत प्लास्टर कालवलं आणि तेवढ्यात बाईंची फाइल उघडावी म्हणून आकडे बघायला वाकलो. चष्मा घसरला. एका हाताने चष्मा सावरला (तुमच्याकडेही हात दोनच असतील), तर फोन वाटीत. आधी चष्मा पुसावा की फोन काढावा, या विचारात प्लास्टर घट्ट झालं. हातोडीने फोडलं. फोनचा ठसा असा सुरेख उठला होता, की कडेचं बटणसुद्धा मोजून घ्यावं. फोन मात्र गेला.

अडीअडचणीसाठी तुम्ही दहा कोड कागदावर उतरवून दिले होते आणि बजावलं होतं, चोराच्या बापालाही सापडणार नाही अशा जागी ठेवा. तुमचा शब्द मी तंतोतंत पाळला. चोराचा बाप सोडा, मलाही सापडत नाहीत. हिच्या फोनवरून ईमेलच्या कंपनीला फोन लावला. अतिशय गोड आवाजाची एक मुलगी म्हणाली, "सर, तुम्ही तुम्हीच आहात याची खात्री पटवा. ॲपमधले आकडे सांगा."

"ॲप प्लास्टरमध्ये आहे."

"बरं सर. मग तिथून बघून सांगा."

अर्ज केला. तीन आठवड्यांत कळवतील. दंतवैद्यबाई फाइल पाठवून लेकीकडे परदेशी गेलेल्या, त्यांचा दवाखाना बंद. शेवटी मी माप घ्यायचा जुना साचा पिशवीत टाकून न्यायाधीशबाईंच्या घरीच गेलो. त्यांनी दार चार बोटं उघडलं आणि तोंडावर रुमाल धरून विचारलं, "कशावरून तुम्ही तेच कवळीवाले?" मी म्हटलं, "तुटलेली कवळी दाखवा." त्यांनी आणली. "ही माझीच. आठ वर्षांपूर्वीची. डावा सुळा जरा तिरका ठेवलाय, कारण सरळ दात खोटे वाटतात असं तुम्ही म्हणाला होतात." बाईंनी दार उघडलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तोंडही उघडलं. ना पासवर्ड, ना तीस सेकंद. शुक्रवारी सकाळी कवळी बसवली. बाई पाऊण तास बोलल्या. दात जागचे हलले नाहीत. श्रोते मात्र हळूहळू हलले.

तेव्हा तुमची ती सुरक्षा तुमच्या व्याख्यानांतच राहू द्या, ही नम्र विनंती. ताईला सांभाळा.

तुमचा आज्ञाधारक (यापुढे विचार करून)
मेहुणा

ता. क. हिच्या फोनवर कंपनीचं पत्र आलंय. गेल्या आठवड्यात कोणी परका चार वेळा माझ्या खात्याशी आला. पासवर्ड बरोबर दिला (दुकानाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन, तो कोणालाही सुचेल) आणि चारही वेळा त्या सहा आकड्यांपाशी अडून परत गेला. म्हणजे कुलूप कामाला आलं, असं ही म्हणते. मी म्हटलेलं नाही.

ता. क. २. ते दहा कोड कोणालाही दाखवू नका, असं तुम्ही मला तीनदा सांगितलंत. म्हणजे तुम्ही स्वतः त्यांची नक्कल करून घेतली असणारच; मी तुम्हाला ओळखतो. उलट टपाली पाठवा. आणि याल तेव्हा हिच्या खात्यालाही तसलंच कुलूप लावून द्या, पण मी सांगितलं म्हणू नका.