प्रवाशाची नोंद नाही

३ मार्च, रविवार, दुपार

मी सोळाची झाले, लायसन्स हातात आलं, त्या दिवशी डॅडी म्हणाले होते: पोलिसाने थांबवलं तर हात दिसू देत, जीभ दिसू देऊ नकोस. तीस वर्षं हे वाक्य पाळलं. आजही पाळलं.

आणि म्हणूनच आता सोडणार नाही.

घडलं ते लगेच लिहून ठेवते. तेवीस वर्षं शाळेच्या ऑफिसात मुलांच्या हजेरीच्या नोंदी करते आहे. नोंद कशी करायची हे मला कोणी शिकवू नये.

चर्चहून परत येत होतो. मी गाडी चालवत होते, डॅडी शेजारी. ऑलिव्ह स्ट्रीटवर मागे लाल-निळे दिवे. कारण: आरशाला लोंबणारी वस्तू. वस्तू म्हणजे ममाने विणलेली लोकरीची पिवळी चिमणी. अंगठ्याएवढी. ममाला जाऊन चार वर्षं झाली, चिमणी अकरा वर्षं तिथेच आहे. म्हणे तिच्यामुळे समोरचं दिसत नाही.

पोरगा पंचविशीतला. नाव व्हॉस. बिल्ला नंबर ३५२. हा आकडा मरेपर्यंत विसरणार नाही.

मी अगदी शांत होते. दोन-तीन मुद्देसूद वाक्यं बोलले, बस. डॅडी, वय एकोणऐंशी, त्या पोराला सर म्हणाले. दोनदा. तोंडी समज देऊन सोडलं. डॅडींनी चिमणी काढून खिशात घातली. घर येईपर्यंत हात खिशावरच.

या व्हॉसला आमच्या पायरीवर टोपी हातात घेऊन उभा करीन. तो डॅडींची माफी मागेल. मी जाळीचं दार उघडणार नाही. आतून ऐकेन.

४ मार्च

नागरी तक्रार कार्यालयाचा फॉर्म आणला. 'घटनेचं वर्णन' याला सात ओळींची जागा. सात! एकोणीस पानं जोडली.

राज्याचा कायदाही वाचायला घेतला. फार छान कायदा. गाडी अडवली की प्रत्येक वेळी पोलिसाने नोंद करायची: कशासाठी अडवलं, माणूस कोणत्या वंशाचा दिसला, किती वयाचा दिसला. विचारायचं नाही, जे दिसलं ते लिहायचं. म्हणजे तो स्वतःच्या हाताने स्वतःचा खड्डा खणतो. मी फक्त माती लोटायची.

संकल्प: रोज जेवणानंतर एक तास कायदा. टीव्ही बंद.

५ मार्च

टीव्हीवर केकच्या स्पर्धेची अंतिम फेरी होती. कायदा उद्या.

१० मार्च, रविवार

डॅडी गाडीत बसले नाहीत. म्हणाले, तुझ्या गाडीत नको, चालत जातो. सव्वा मैल. त्या गुडघ्यांनी! मी गाडी त्यांच्या शेजारून हळूहळू चालवत बसा बसा म्हणत राहिले. ते म्हणाले, पोरी, पुढे जा, लोकांना वाटेल माझी मिरवणूक निघाली आहे.

पुरवणी आरोप लिहिला: वृद्ध नागरिकास मानसिक आघात. उद्या कार्यालय उघडताच देऊन येते.

१७ मार्च, रविवार

डॅडी आज चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकन हॉलिसच्या गाडीतून गेले. हसत होते. पुढच्या सीटवर, खिडकी उघडी, कोपर बाहेर.

आघात असा विचित्र असतो. मी वाचलं आहे याबद्दल.

एक नोंद, फक्त माझ्यासाठी. ममा गेल्यापासून आम्ही दोघं बोलतो ते फक्त रविवारी गाडीत. घरात डॅडींना टीव्ही आहे, मला मोबाइल. गाडीत मात्र ते बोलतात. ओक्लाहोमाचं घर, त्यांच्या बापाचं खेचर, ममा पहिल्यांदा कुठल्या ड्रेसमध्ये दिसली ते. तिच्या ड्रेसचा रंग दर वेळी वेगळा असतो. मी चूक काढत नाही.

व्हॉसने हे माझ्याकडून घेतलं. याची भरपाई त्याला जड जाईल.

२८ मार्च

तक्रारीची प्रत मी फ्रिजवर लावली आहे. डॅडी दूध काढताना थांबले. चष्मा लावून वाचलं. म्हणाले, तीनशे बावन्न? हे त्या रविवारचं स्तोत्र होतं. चर्चच्या फळ्यावर लिहिलेला शेवटचा आकडा. दुसऱ्या कडव्यात माझा आवाज चिरकला होता, मला चांगलं आठवतं.

मी म्हटलं, योगायोग असेल.

पर्समधली वही काढली. पानावर ३५२, खाली माझ्याच अक्षरात 'दुसरं कडवं, डॅडी छान'. बिल्ला नंबर कुठेच नाही. तो मी नक्की लिहिला होता. शाईचा दोष असावा.

९ एप्रिल

कार्यालयातून मिस्टर बाल्तझार यांचा फोन. तपास अधिकारी. आवाज मऊ, दंतवैद्यासारखा. म्हणाले, बिल्ला ३५२ ही महिला अधिकारी आहे, मुलांना रस्ता ओलांडायला शिकवते, आणि जानेवारीपासून बाळंतपणाच्या रजेवर आहे. तक्रारीची सूचना नियमाप्रमाणे तिच्या घरी गेली आहे.

मी म्हटलं, तिने फार मनावर घेऊ नये.

ते म्हणाले, घेतलं आहे.

दुरुस्तीचा फॉर्म भरला. शेवटच्या ओळीत बाळाचं अभिनंदन लिहिलं. चूक यंत्रणेची असली तरी आपण माणुसकी सोडू नये.

१४ एप्रिल, रविवार

सिस्टर अर्नेस्टीन (चर्चमध्ये आम्ही सगळ्याच बायका सिस्टर) तिथल्या स्वयंपाकघरात कोबी चिरता चिरता म्हणाली, यवेट, त्या पोरासाठी प्रार्थना कर, मन हलकं होईल. मी म्हटलं, रोज करते. तिने विचारलं, काय मागतेस? मी खरं ते सांगितलं: चारही टायर एकदम पंक्चर, पावसात, आणि जॅक घरी विसरलेला.

अर्नेस्टीनने माझ्या हातातली सुरी काढून घेतली.

६ मे

शहराने अडवलेल्या गाड्यांचा तीन महिन्यांचा तक्ता प्रसिद्ध केला. नऊ हजार ओळी. शनिवार-रविवार दोन्ही गेले. डोळे सुजले, पण माझी ओळ सापडली!

३ मार्च, १२.४०, ऑलिव्ह स्ट्रीट. कारण: आरशाला वस्तू. दिसलेला वंश: काळा. दिसलेलं लिंग: स्त्री. दिसलेलं वय: साठ.

साठ!!

मी शेहेचाळीसची आहे. त्या दिवशी चर्चची टोपी होती, ती जरा जुन्या वळणाची आहे, पण साठ? ही तक्रारीतली सर्वांत गंभीर बाब ठरू शकते. दुसरा पुरवणी अर्ज, फोटोसह, दोन बाजूंनी.

(काळ्या लोकांचं प्रमाण शहरात आठात एक. आरशाच्या वस्तूसाठी अडवलेल्यांत जवळजवळ निम्मे. हे तर मोजायच्या आधीच माहीत होतं. तरी मोजलं.)

मग डॅडींची ओळ शोधली. नाही. बाल्तझारना फोन केला. ते म्हणाले, प्रवाशाची झडती झाली नाही, हातकड्या घातल्या नाहीत, तर प्रवाशाची नोंद होत नाही. कायद्यात तसंच आहे.

म्हणजे डॅडी त्या गाडीत नव्हतेच.

हेही व्हॉसच्या खात्यावर.

१८ जून

नगर परिषदेची सुनावणी. ठराव: आरशाला काही लोंबतं एवढ्याच कारणाने गाडी अडवायची नाही. लोकांनी बोलायचं. माझं भाषण चोवीस पानांचं. निळा सूट. व्हॉसचं नाव पान तेवीसवर, मुद्दाम, शेवटचा घाव म्हणून.

प्रत्येकाला दोन मिनिटं. आधी कोणी सांगितलं नव्हतं. (सूचनेत होतं, पण बारीक अक्षरात.)

माझी ओळख, शाळेतली नोकरी, टोपीचं वळण आणि वयाचा मुद्दा यात पिवळा दिवा लागला. लाल लागला तेव्हा मी ममाच्या विणकामावर होते. माइक बंद झाला. मी बिनमाइकचं आणखी थोडं बोलले. एका गार्डने माझी पानं गोळा करून दिली, क्रम चुकवून.

ठराव समितीकडे परत. पुढच्या वर्षी बघू म्हणाले.

डॅडींनी घरी टीव्हीवर पाहिलं. म्हणाले, कॉलर छान बसली होती.

३० जून, रविवार

डीकन हॉलिसच्या गाडीत पिवळी चिमणी. माझ्या ममाची! गिअरच्या दांड्याला बांधलेली. पार्किंगमध्ये मी काचेला नाक लावून दोन मिनिटं उभी होते.

डॅडींना विचारलं. ते म्हणाले, आरशाला नाही, गिअरला आहे. चालतं.

डीकन हॉलिसही माझ्या यादीत. सध्या दुसरा नंबर.

१३ जुलै, शनिवार

नवी योजना. एकदा अडवलं तो अपघात म्हणतील. दोनदा अडवलं की पुरावा. आरशाला टांगलं: शाळेच्या फुटबॉल टीमचा पट्टा, लोकरीचे मोजे, दोन क्रॉस, एक छोटा कापडी अननस. खरोखरच समोरचं काही दिसत नव्हतं. सकाळी नऊ ते बारा ऑलिव्ह स्ट्रीटवर येरझाऱ्या.

कोणी अडवलं नाही.

सव्वाबाराला सिग्नलला शेजारी पोलिसांची गाडी. आत तोच! सँडविच खात होता. मी काच खाली केली. टक लावून पाहिलं. अननस हलवला.

त्याने मान डोलावली. गुड आफ्टरनून मॅम म्हणाला. आणि गेला.

मला ओळखलंसुद्धा नाही. चार महिने मी त्याच्याशिवाय दुसरं काही जेवले नाही, आणि याने मला ओळखलंसुद्धा नाही.

घरी येताना गाडी पोस्टाच्या पेटीला घासली. अननसामुळे.

२० ऑगस्ट

कार्यालयात व्हिडिओ पाहिला. व्हॉसच्या छातीवरच्या कॅमेऱ्याचा. बाल्तझारनी पाण्याचा ग्लास आधीच भरून ठेवला होता. मी जाताना ठरवून गेले होते: विजयी चेहरा करायचा नाही, सभ्यपणे बसायचं.

अकरा मिनिटं चार सेकंद. त्यातली नऊ मी बोलते.

दोन-तीन वाक्यं नाहीत ती. मी विचारते, तुझ्या आईने हेच शिकवलं का. मी म्हणते, मी कोण आहे माहीत आहे का. (हजेरीची क्लार्क.) डॅडी म्हणतात, सर, माझी मुलगी दमली आहे. मी म्हणते, डॅडी, तुम्ही गप्प बसा.

हे मला आठवत नाही. व्हिडिओत आहे.

मग मी पर्समध्ये हात घालते. न सांगता, झटकन. वही काढायला, त्याचा नंबर लिहायला. व्हॉसचा हात कमरेच्या पिस्तुलावर जातो. तिथेच राहतो. आणि डॅडी माझं मनगट धरतात, दोन्ही हातांनी. वही खाली पडते. म्हणून पानावर फक्त स्तोत्र होतं.

नंतर डॅडी हात पुन्हा डॅशबोर्डवर ठेवतात. शेवटपर्यंत. बोटं पसरलेली. कोणी ठेवायला सांगितलेलं नाही. मी तीन वेळा पाहायला मागितलं. आवाज जास्त, हळू, पुन्हा. मला एकच बघायचं होतं, त्या अकरा मिनिटांत मी एकदा तरी त्यांच्याकडे वळून पाहते का.

नाही.

पाणी प्यायले. बाल्तझार म्हणाले, अजून काही नोंदवायचं आहे? मी म्हटलं, त्याचा हात पिस्तुलावर गेला ते लिहा. ते म्हणाले, लिहिलं आहे.

२१ ऑगस्ट

डॅडी मागच्या पायरीवर वाटाणे सोलत होते. मी शेजारी बसले. मीही सोलायला घेतले. मग विचारलं, इतकी भीती वाटली त्याची?

ते म्हणाले, त्याची? त्याच्यासारखे साठ वर्षं बघतोय. मला तुझी वाटली. तू पर्समध्ये हात घातलास, तेव्हा मी मनात तुझ्या ममाला हाक मारली. म्हटलं, बघ गं, ही येते आहे तुझ्याकडे.

मी म्हटलं, मग एवढे दिवस सांगितलं का नाही?

ते म्हणाले, गाडीत नको म्हटलं की. यापेक्षा स्पष्ट कसं सांगायचं? आणि तुझ्यासमोर बोलायला माणसाला दोन मिनिटं तरी मिळतात का?

वाटाण्यांतले अर्धे मी टरफलांच्या टोपलीत टाकले होते. त्यांनी वेचून काढले.

१२ सप्टेंबर

पत्र आलं. अडीच ओळी. अडवण्याचं कारण कायद्यात बसतं, अधिकाऱ्याचं वर्तन नियमानुसार, प्रकरण बंद. पिस्तुलावरच्या हाताबद्दल एक शब्द: 'समर्थनीय'.

अपील तीस दिवसांत करता येतं. फॉर्म डाउनलोड केला. पहिल्याच चौकटीत विचारलंय, कोणाच्या वतीने?

चौकट रिकामी आहे. व्हॉसला मी माफ केलेलं नाही. प्रार्थना चालू आहे. फक्त जॅक असू दे म्हणते आता.

१४ सप्टेंबर, शनिवार

फ्रिजवरची तक्रार काढली. त्याच चुंबकाखाली चिठ्ठी लावते आहे. डॅडी सकाळी दूध काढताना वाचतील, चष्मा लावून. डीकन हॉलिस दहाला येतोच आहे म्हणतील. बूट तर त्यांनी आत्ताच पुसून दाराशी ठेवलेत. चिठ्ठी चौथ्यांदा लिहिली, आधीच्या तिन्ही लांबल्या.

डॅडी, उद्या सव्वादहाला गाडी दारात लावते. आरसा मोकळा आहे. घर ते चर्च मी तोंड उघडणार नाही, ममाच्या ड्रेसचा रंग कुठलाही सांगा. येता का?