मक्याखालचे मासे

न्यू इंग्लंड, मे १६३१

प्रिय आई,

समुद्रापलीकडून तुझ्या डॉर्कसचा नमस्कार. आम्ही दोघं बरे आहोत, उगाच काळजी करू नकोस. तुझा गुडघा कसा आहे? गाय व्याली का?

मक्याची पेरणी उरकली. इथे मातीच्या प्रत्येक ढिगात चार दाणे आणि त्यांच्याखाली एक मासा पुरतात, नाहीतर ही रेताड जमीन काही देत नाही. कुत्री ते मासे उकरतात, म्हणून दरवर्षी पेरणीनंतर चाळीस दिवस त्यांचा एक पुढचा पाय गळ्याशी बांधतो. सगळ्या गावची कुत्री लंगडत फिरतात, तू पोट धरून हसशील.

यंदा ती कटकट नाही. हिवाळा लांबला, धान्याचं जहाज आलं नाही. गावात आता एकही कुत्रं उरलेलं नाही.

आज सकाळी बघते तर आमच्या शेतातल्या दोन ओळी उकरलेल्या. मासेही नाहीत, दाणेही नाहीत, आणि पेरायला दुसरं बी नाही. शेजारीण म्हणाली, "कोल्हा असेल गं." मीही म्हटलं, "असेल."

घरी आले तर अँब्रोज नखांतली माती काढत बसला होता. नवऱ्याला काय विचारणार? त्यानं माझ्यासाठी अर्धा मासा ठेवला होता. वास मारत होता. मी खाल्ला.

धाकटीला यंदाच्या जहाजात बसवू नकोस.

तुझीच,
डॉर्कस